कोंबडीची उजवी बाजू

१. घोस एकाच बाजूला का?

अंडी देणारी गावठी कोंबडी घरी साफ करणाऱ्याला हे पाहून माहीत असतं. पोट उघडलं की पिवळ्या बलकांचा घोस दिसतो. त्यात एखादा पूर्ण वाढलेला, दोन-तीन मध्यम आणि बाकीचे वाटाण्यापासून मोहरीपर्यंत लहान होत गेलेले. हा घोस म्हणजे कोंबडीचं अंडाशय. तो पाठीच्या कण्यालगत डाव्या बाजूला असतो. उजवीकडे शोधलं तर काही सापडत नाही. कोंबडा उघडला तर मात्र डावीकडे एक आणि उजवीकडे एक, असे दोन वृषण मूत्रपिंडांच्या वरच्या टोकाशी व्यवस्थित बसलेले दिसतात.

गाय, शेळी, कुत्री, माणूस या सगळ्यांत मादीला दोन अंडाशयं असतात. मग कोंबडीलाच एक का? आणि मादीलाच का, नराला का नाही?

उजवं अंडाशय कोंबडीत होतच नाही, असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे. अंड्यातल्या पिल्लात ते तयार होतं, काही दिवस डाव्याच्या बरोबरीने वाढतं आणि मग त्याची वाढ थांबवली जाते. पक्ष्याच्या गर्भात नर-मादी हा फरक कसा पडतो, याचं मर्म इथेच आहे. गर्भात आधी सगळं जोडीने आणि दोन्ही तऱ्हांचं उभं राहतं. मग त्यातलं काय मोडायचं, यावरून नर किंवा मादी ठरते. हे सगळं एकवीस दिवसांत उरकतं.

२. ठरवणारी आई

माणसात मूल मुलगा होणार की मुलगी, हे वडिलांकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं. पक्ष्यांत उलटा कारभार आहे. (गुणसूत्र म्हणजे पेशीच्या केंद्रकातली, आनुवंशिक माहिती वाहून नेणारी सूत्रं.) कोंबड्याच्या पेशीत ‘झेड’ नावाची दोन गुणसूत्रं असतात. कोंबडीच्या पेशीत एक ‘झेड’ आणि एक छोटं ‘डब्ल्यू’ असतं. कोंबड्याकडून पिल्लाला नेहमी झेडच मिळणार. आईकडून झेड आलं तर नर, डब्ल्यू आलं तर मादी.

म्हणजे अंड्याभोवती कवच चढण्याआधीच निकाल लागलेला असतो. मगरीच्या घरट्यात वाळू किती तापली यावर नर-मादी ठरतात. पक्ष्यांत तसं नाही. खुडूक कोंबडी मायेने बसली काय किंवा उबवणी यंत्र साडेसदतीस अंशांवर चाललं काय, नर पिल्लाची मादी होत नाही. अंड्याच्या आकाराचाही संबंध नाही. या बाबतीत जुन्या पंडितांचं एकमतसुद्धा नव्हतं. लांबट, टोकदार अंड्यातून मादी निघते असं ॲरिस्टॉटल लिहितो. रोमन शेतीलेखक कोल्युमेला नेमक्या त्याच अंड्यातून नर निघतो असं सांगतो. आपल्याकडेही अंडी निवडून उबवायला ठेवणारे असेच आडाखे बांधतात, आणि ते निम्म्या वेळा बरोबर येत असल्यामुळे टिकून राहतात.

घातलेलं सफल अंडं हातात घेतलं तेव्हा बलकावरच्या पांढुरक्या ठिपक्यात चाळीस ते साठ हजार पेशी झालेल्या असतात. (दुकानातल्या पोल्ट्रीच्या अंड्यात हे काही नसतं. तिथे कोंबडाच नसतो.) या प्रत्येक पेशीत झेड-झेड किंवा झेड-डब्ल्यू ही नोंद आहे. पण अवयव अजून एकही नाही.

३. रक्तातून आलेले पाहुणे

पुढे ज्यांच्यापासून अंडी किंवा शुक्रपेशी बनणार, त्या बीजपेशी अंडाशयात किंवा वृषणात जन्मत नाहीत. त्या बाहेरून येतात.

अंडं घातलं जातं तेव्हा त्या जेमतेम तीसेक असतात आणि ठिपक्याच्या मध्यभागी असतात. उबवणी सुरू झाली की त्या गर्भाच्या डोक्याच्याही पुढे, चंद्रकोरीच्या आकाराच्या एका पट्ट्यात जमतात. चार्ल्स स्विफ्ट या अमेरिकी संशोधकाने १९१४ साली कोंबडीच्या गर्भात या पट्ट्याचं वर्णन केलं. जागा मोठी विचित्र आहे. जननेंद्रियं होणार पोटाच्या मागच्या भागात, आणि त्यांच्या पेशी थेट डोक्यापुढे, शरीराबाहेर.

दुसऱ्या दिवशी गर्भाचं हृदय ठोके देऊ लागतं, रक्त फिरू लागतं. बीजपेशी रक्तवाहिन्यांत शिरतात आणि प्रवाहाबरोबर सगळ्या गर्भात फिरतात. अडीच-तीन दिवसांच्या सुमारास, जिथे जननग्रंथी होणार तिथे त्या रक्तवाहिनीतून बाहेर पडून मुक्काम करतात. उंदीर किंवा माणूस यांच्या गर्भात याच पेशी आतड्याच्या भिंतीतून सरकत सरकत पोहोचतात. रक्ताचा मार्ग ही पक्ष्यांची खासियत. आणि एक गोष्ट इथेच नोंदवून ठेवू : डाव्या बाजूला उतरणाऱ्या पेशी उजवीपेक्षा जास्त असतात. नर असो वा मादी.

या प्रवासाचा आज फार उपयोग होतो. अडीच दिवसांच्या गर्भातून सुईने रक्ताचा थेंब काढला तर त्यात बीजपेशी मिळतात. त्या प्रयोगशाळेत वाढवता येतात, गोठवता येतात आणि दुसऱ्या जातीच्या गर्भाच्या रक्तात सोडता येतात. ते पिल्लू मोठं झालं की परक्या जातीची संतती देतं. स्कॉटलंडच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये दुर्मीळ कोंबड्यांच्या जाती जपण्यासाठी हाच मार्ग वापरतात. पक्ष्याचं अंडं काही गाईच्या भ्रूणासारखं गोठवता येत नाही, त्यामुळे या थेंबाचं मोल जास्त.

४. साडेतीन ते सहा : दोन्ही वाटा खुल्या

उबवणीला साधारण साडेतीन दिवस झाले की गर्भाच्या तात्पुरत्या मूत्रपिंडावर डावीकडे आणि उजवीकडे एकेक उंचवटा येतो. हीच होऊ घातलेली जननग्रंथी. ती वृषण आहे की अंडाशय, हे सूक्ष्मदर्शकातूनही सांगता येत नाही, कारण ती तेव्हा दोन्हींपैकी काहीच नसते. तिला दोन भाग असतात : बाहेरची साल आणि आतला गाभा. नरात गाभा वाढतो, त्यात पेशींच्या दोऱ्या तयार होतात, बीजपेशी त्या दोऱ्यांत बंदिस्त होतात आणि साल पातळ होऊन विरते. असा वृषण बनतो. मादीत साल जाड होते, बीजपेशी सालीत राहतात आणि गाभा मागे पडतो. असं अंडाशय बनतं. हा फरक साधारण साडेसहा दिवसांपासून डोळ्यांना दिसू लागतो.

व्हिक्टर हॅम्बर्गर आणि हॉवर्ड हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये कोंबडीच्या गर्भवाढीचे ४६ टप्पे पाडून दिले. जगभरचे अभ्यासक आजही ‘गर्भ किती दिवसांचा’ यापेक्षा ‘कितव्या टप्प्यातला’ असं बोलतात, कारण यंत्राची ऊब थोडी कमी-जास्त झाली तरी दिवस चुकतात, टप्पे चुकत नाहीत. आपण सोयीसाठी दिवसच मोजू.

५. एकतारी, दोनतारी

सहाव्या दिवशी वाट कोण निवडतं? माणसात वृषण घडवण्याचा हुकूम देणारं जनुक ‘वाय’ गुणसूत्रावर सापडलं, तेव्हा पक्ष्यांतही डब्ल्यू गुणसूत्रावर अंडाशयाचा हुकूम देणारं एखादं जनुक असेल अशी अटकळ होती. बराच शोध झाला. हाती लागलं ते मात्र झेडवर.

त्या जनुकाचं नाव डीएमआरटी-१. गंमत अशी की ते नरातही असतं आणि मादीतही. फरक मात्रेचा. नराकडे झेड दोन, म्हणून जनुकाच्या प्रती दोन. मादीकडे एकच. घरात पाक करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. साखर तीच, पाणी तेच. रव्याच्या लाडवाला पाक एकतारी हवा आणि पाकातल्या चिरोट्यांना दोनतारी. वेगळा जिन्नस घालावा लागत नाही, दाटपणा बदलला की पदार्थ बदलतो. डीएमआरटी-१ ची मात्रा दुप्पट असली की ग्रंथी वृषणाच्या वाटेने जाते. एकेरी असली की ती वाट धरता येत नाही.

याचा पुरावा दोन हप्त्यांत आला. २००९ मध्ये मेलबर्नच्या क्रेग स्मिथ आणि अँड्र्यू सिंक्लेअर यांच्या गटाने नर गर्भात या जनुकाचं काम दाबून टाकलं; त्यांच्या ग्रंथी अंडाशयासारख्या होऊ लागल्या. २०२१ मध्ये रोझलिनच्या शास्त्रज्ञांनी जनुक-कात्रीने नराच्या दोन प्रतींपैकी एक कायमची निकामी केली. अशी पिल्लं वाढली तेव्हा झेड-झेड असूनही त्यांच्या पोटात वृषणांच्या जागी अंडाशय होतं. पण बाहेरून ती कोंबडेच होती : तुरा तसाच, अंगलट तशीच. पोटात अंडाशय आणि वर कोंबड्याचं रूप, हे कसं? याचं उत्तर नवव्या भागात येईल.

६. उजवीकडे काय बिनसतं

आता मूळ प्रश्न. सहाव्या दिवसाच्या सुमारास मादीच्या ग्रंथीत अरोमाटेज नावाचं विकर तयार होऊ लागतं. (विकर म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन.) अरोमाटेज नर-संप्रेरकांचं रूपांतर इस्ट्रोजेन या मादी-संप्रेरकात करतं. नराच्या ग्रंथीत ते नसतं. इस्ट्रोजेन मिळालं की साल वाढते, अंडाशय होतं.

इस्ट्रोजेनचा वाटा किती मोठा आहे हे १९९२ मध्ये अलेक्स एल्ब्रेख्ट आणि रॉय स्मिथ यांनी दाखवलं. वाट ठरण्याआधी त्यांनी अंड्यात अरोमाटेज रोखणाऱ्या औषधाची एकच मात्रा दिली. झेड-डब्ल्यू पिल्लांत दोन्ही बाजूंना वृषण तयार झाले, त्यांत शुक्रपेशीही झाल्या, आणि मोठी होऊन ती कोंबड्यांसारखी वागली. उलट प्रयोग त्याआधी कितीतरी वर्षं, १९३५ मध्ये, फ्रान्सच्या एतिएन वोल्फ यांनी केला होता : नर गर्भांना मादी-संप्रेरक दिलं. त्यांच्या ग्रंथीला अंडाशयाची साल आली. पण फक्त डाव्या बाजूला. उजवा वृषण वृषणच राहिला.

या ‘फक्त डाव्या बाजूला’मध्ये सगळं रहस्य आहे. म्हणजे डावा-उजवा भेद मादीचा नाहीच. तो नरातही आधीपासून असतो. इस्ट्रोजेन नसल्यामुळे नरात तो उघडा पडत नाही, एवढंच.

हा भेद करणारं जनुक पीआयटीएक्स-२. गर्भाच्या डाव्या अंगात ते चालू असतं, उजव्या अंगात बंद. आतडी आणि हृदय यांना डावं-उजवं कळतं त्यातही याचा हात आहे. उजव्या ग्रंथीत ते बंद असल्यामुळे तिथे रेटिनॉइक आम्ल बनत राहतं. हे आम्ल अ जीवनसत्त्वापासून बनतं आणि सालीच्या पेशींची वाढ दाबतं. शिवाय इस्ट्रोजेनचा निरोप घेणारी प्रथिनं डाव्या सालीत भरपूर असतात, उजव्या सालीत नसतात. रक्तातून इस्ट्रोजेन दोन्हीकडे सारखंच पोहोचतं. उजवीकडे ते ऐकणारं कुणी नसतं. साल वाढत नाही, आणि उजवी ग्रंथी छोटा अवशेष होऊन राहते.

डाव्या अंडाशयात मात्र पंधराव्या दिवसाच्या सुमारास बीजपेशी गुणसूत्रं निम्मी करण्याच्या विभाजनाला लागतात आणि मधल्या टप्प्यावर थांबतात. पिल्लू कवच फोडून बाहेर येतं तेव्हा आयुष्यभराच्या अंड्यांचा साठा, लाखांच्या घरातला, त्याच्याजवळ असतो. नरात हे विभाजन जन्मानंतर, वयात येताना सुरू होतं.

पण उत्क्रांतीत असं झालंच का? वजन कमी, म्हणून उडायला सोपं, हे उत्तर पुस्तकांत सरसकट सापडतं. मला ते पुरेसं वाटत नाही. ससाणे आणि शिकरे उत्तम उडतात, आणि त्यांच्या माद्यांत अनेकदा दोन्ही अंडाशयं असतात. न उडणाऱ्या किवीलाही दोन असतात. खरं सापडतं ते असं की अंडाशयं दोन असली तरी अंडवाहिनी सहसा एकच कामाची असते. कवचाची दोन मोठी अंडी एकाच वेळी शेजारी शेजारी वागवणं अडचणीचं झालं असावं, हे मला जास्त पटतं. चीनच्या जिआंगशी प्रांतात सापडलेल्या, पक्ष्यांचा भाऊबंद असलेल्या एका डायनोसॉर मादीच्या कमरेच्या हाडांत कवचासह दोन अंडी शेजारी शेजारी मिळाली. २००५ मध्ये तिचं वर्णन छापून आलं. म्हणजे तिच्या दोन्ही नळ्या चालू होत्या. पुढे कधीतरी त्यातली एक बंद झाली.

७. चार नळ्या, त्यातल्या टिकतात थोड्या

ग्रंथीला बाहेर जायची वाट लागते. प्रत्येक गर्भात, नर असो वा मादी, दोन्ही बाजूंना दोन-दोन नळ्या बनतात. एक जोडी वोल्फची : अठराव्या शतकातल्या कास्पार वोल्फ यांची, मघाच्या एतिएन वोल्फ यांची नव्हे. दुसरी जोडी योहानेस म्यूलर यांची. त्यांनी १८३० मध्ये तिचं वर्णन केलं. वोल्फच्या नळीची शुक्रवाहिनी होते, म्यूलरच्या नळीची अंडवाहिनी.

नरात वृषण एक संप्रेरक सोडतात, त्याचं कामच म्यूलरच्या नळ्या जिरवणं. आठव्या-नवव्या दिवसापासून त्या विरू लागतात. मादीत वोल्फच्या नळ्या खुंटतात. इथवर सरळ आहे. पण जिरवणारं हे संप्रेरक कोंबडीच्या मादी गर्भातही बनतं. त्यामुळे तिची उजवी म्यूलर नळीही जिरते; डावी वाचते, कारण इस्ट्रोजेन तिला सांभाळतं. चारांपैकी मादीत एक नळी कामाला आली, नरात दोन.

८. आरवणारी कोंबडी

कोंबडी आरवली की घरात अपशकुन मानतात आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी तिचा रस्सा होतो. तिच्या पोटात पाहिलं असतं तर कारण सापडलं असतं. डावं अंडाशय रोगाने, गाठीने किंवा वयाने नष्ट झालं तर इस्ट्रोजेन आटतं. मग इतकी वर्षं निपचित पडलेली उजवी ग्रंथी वाढू लागते. तिला साल नाहीच, नुसता गाभा. म्हणून ती वाढते ती वृषणासारखी. नर-संप्रेरकं आली की तुरा वाढतो, कोंबडी आरवते. इस्ट्रोजेन गेल्यामुळे नवीन पिसं कोंबड्यासारखी लांब येतात.

एडिनबरोच्या एफ. ए. ई. क्रू यांनी १९२३ मध्ये अशा एका बफ ऑर्पिंग्टन कोंबडीची हकिगत लिहिली. ती आधी अंडी घालत होती, नंतर आरवू लागली आणि दोन पिल्लांची बाप झाली. तिचं अंडाशय क्षयाने खाल्लं होतं. बाप होण्यापर्यंत मजल जाणं फार विरळा. आरवण्यापर्यंतची उदाहरणं मात्र बरीच आहेत.

बाझेल शहरात १४७४ मध्ये अंडं घातल्याच्या आरोपावरून एका कोंबड्यावर खटला चालवून त्याला जाळलं. तो कोंबडा बहुधा अशीच एखादी अर्धवट बदललेली कोंबडी असावी.

९. प्रत्येक पेशीला आपलं लिंग ठाऊक

क्वचित एखादा पक्षी अर्धा नर, अर्धी मादी असा दिसतो : एका बाजूला मोठा गलोल (चोचीखाली लोंबणारी मांसल कातडी), जाड पाय, दुसऱ्या बाजूला कोंबडीची अंगलट. रोझलिनच्या मायकेल क्लिंटन यांच्या गटाने २०१० मध्ये असे तीन पक्षी तपासले. त्यांच्या शरीरात दोन्ही तऱ्हेच्या पेशी होत्या. नरासारख्या बाजूला झेड-झेड जास्त, दुसरीकडे झेड-डब्ल्यू जास्त. रक्त एकच, संप्रेरकं तीच, तरी दोन बाजू दोन तऱ्हांनी वाढल्या. माणसाच्या बाबतीत आपण शिकलो की ग्रंथी ठरली की बाकी शरीर तिच्या संप्रेरकांचं ऐकतं. पक्ष्यांत पेशी ऐकतात, पण स्वतःचंही म्हणणं राखतात. पाचव्या भागातले पोटात अंडाशय असलेले ‘कोंबडे’ म्हणूनच कोंबड्यासारखे दिसत होते. त्यांच्या प्रत्येक पेशीत झेड अजूनही दोनच होते.

१०. आणखी एक मोडलेली वस्तू

बदकाच्या नराला शिश्न असतं, शहामृगालाही असतं. कोंबड्याला नाही, आणि पक्ष्यांच्या सुमारे ९७ टक्के जातींत ते आत शिरण्याजोगं उरलेलं नाही. समागमात दोघांची अवस्करं (विष्ठा, मूत्र आणि अंडं-वीर्य यांचं एकच द्वार) टेकतात आणि काम होतं. पण कोंबडीच्या गर्भात या अवयवाचा कोंब येतो. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या टोकाच्या पेशी बीएमपी-४ नावाच्या प्रथिनाच्या सांगण्यावरून मरू लागतात आणि तो आटतो. फ्लोरिडा विद्यापीठातल्या गटाने २०१३ मध्ये हे दाखवलं. त्यांनी या प्रथिनाला अडवलं तेव्हा कोंब वाढत राहिला. बदकाच्या गर्भात टोकाशी ही मारणारी सूचना निघतच नाही.

आटलेल्या कोंबाचा बारीक मणी नर पिल्लात उरतो. १९२० च्या दशकात जपानमध्ये कियोशी मासुई यांनी तो मणी पाहून एक दिवसाच्या पिल्लाचं लिंग ओळखण्याची पद्धत बसवली आणि ती जगभरच्या हॅचऱ्यांत गेली. सरावलेला माणूस पिल्लू हातात घेतो, अवस्कर किंचित उलटतो आणि क्षणात सांगतो : तलंग किंवा कोंबडा.

११. एका दिवसाचे कोंबडे

तेवढ्या घाईने ओळखायचं कारण दुःखद आहे. अंड्यांसाठी पैदा केलेल्या जातीतला नर अंडी देत नाही आणि मांसासाठीही भरत नाही. म्हणून तो पहिल्याच दिवशी मारला जातो. जगात दर वर्षी अशी अब्जावधी पिल्लं मरतात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून याला बंदी घातली, आणि मग कवचातच लिंग ओळखण्याची यंत्रं कामाला आली. त्यातली एक पद्धत सहाव्या दिवसाच्या त्या अरोमाटेजवरच उभी आहे. नवव्या दिवशी कवचाला लेझरने बारीक भोक पाडतात, गर्भाभोवतीच्या द्रवाचा थेंब काढतात आणि त्यात इस्ट्रोजेन-कुळातलं एक संप्रेरक आहे का पाहतात. असेल तर मादी. अंडं परत उबवायला जातं. नसेल तर नर. ते अंडं बाजूला निघतं.

यामुळे अंडं थोडं महाग पडतं. रोज अंडी खाणाऱ्या आपल्यासारख्यांनी तो वाढीव खर्च उचलायला हरकत नसावी, असं माझं मत आहे.